पोकळ वाजला पाहिजे

माझ्या मावशीच्या तोंडात सगळ्यात जहाल शिवी एकच होती: पोकळ.

ही शिवी तिला भूकंपाने दिली. तिचं गाव औशाकडचं. जुनं गाव एका पहाटेत गेलं. त्या पहाटेबद्दल मावशी बोलत नाही, म्हणून मीही लिहिणार नाही. पुढचं मात्र तिने मला शंभरदा सांगितलंय. नव्या गावठाणात घरं उभी राहायला लागली तेव्हा मावशी रोज सकाळी पत्र्याच्या शेडमधून निघायची, आपल्या होणाऱ्या घरापाशी जायची आणि मधलं बोट मुडपून भिंत ठोकायची. टक वाजलं तर पुढे. डब वाजलं की तिथेच उभी.

“हे पोकळ हाय. पाड.”

ठेकेदाराचा माणूस म्हणायचा, “मावशी, इंजिनियरनं पास केलंय.”

“मग इंजिनियरला झोपव हितं. आमी शेडात बरे हाव.”

तिने एकच भिंत दोनदा पाडायला लावली. गल्लीतल्या बाकीच्या बायकाही मग तिला बोलावू लागल्या. घरं झाली, लोक राहायला गेले, पण बोटाची सवय सुटली नाही. कलिंगड, कपाट, पाव्हण्याने आणलेला पितळी हंडा, एसटीच्या सीटची पाठ, सगळं ती ठोकून बघायची आणि निकाल द्यायची.

आणि मी? मी लातुरात पत्रकं लिहायचो. माझीही आवडती शिवी तीच. पोकळ आश्वासने, पोकळ घोषणा, पोकळ दावे. तेव्हा लातुरात दर गल्लीत एक क्लास, दर क्लासच्या वर एक मेस आणि दर खांबावर गुणवंतांच्या फोटोंचा फलक होता. बाप आपला पोरगा क्लासवाल्याच्या हवाली करून खाली मान घालून एसटीत बसायचा, ते बघून माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं. आमची संघटना पाच जणांची होती. पत्रकात आम्ही ‘असंख्य विद्यार्थी’ लिहायचो. आमचं पत्रक ज्या जुन्या प्रेसमध्ये छापायचं तिथला कंपोझिटर म्हणायचा, “तुमच्यासाठी ‘पोकळ’चे खिळे जुळवूनच ठेवलेत. बाकीचं सांगा.”

अशा घराण्यात, जिथे पोकळ म्हणजे पाप, आम्हाला एक दिवस कोंगोचा सेट घ्यायची पाळी आली.

घ्यायचा होता माझ्या मावसबहिणीसाठी. मावशीची ही एकुलती एक मुलगी बारावीला लातुरात खोली घेऊन राहत होती. ती हात लागेल ते वाजवायची. मेसचा डबा, खोलीचं दार, घासायला काढलेली परात. क्लासमध्ये बाक वाजवला म्हणून सरांनी तिला पहिल्या बॅचमधून शेवटच्या बॅचमध्ये टाकलं. तिने मला येऊन सांगितलं, “दादा, बरं झालं. मागचे बाक सागवानी हायत. लई भारी वाजतात.”

आमच्या वस्तीत भीमगीतांची एक पार्टी होती. तिचा म्होरक्या पेटी वाजवायचा, दिवसा एका कचेरीत कारकुनी करायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. जयंतीच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल उजाडला की पार्टी गावोगाव जायची. ढोलकी घरची होती, पण आता गावातल्या पोरांना ऑर्केस्ट्रासारखा आवाज पाहिजे होता. म्हणजे कोंगो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: कंबरेएवढा उंच, पोटात फुगीर, खाली निमुळता ढोल. तळ उघडा, वर कातडं. दोन्ही हातांनी उघड्या तळव्याने वाजवायचा. लहान असतो तो कोंगो, मोठा असतो तो तुंबा, आणि दोन्ही मिळून होतो सेट. मास्तर दरवर्षी नांदेडहून एक कोंगोवाला भाड्याने आणायचा.

बहिणीने मास्तरला सरळ विचारलं, “मी वाजवू का यंदा?”

मास्तर हसला. “बाई, कोंगो म्हंजी पोळपाट न्हाई. पोरीच्या हाताला ठणका नसतो.”

“ऐकून तर बघा.”

“स्वतःचा सेट आण. मार्च संपायच्या आत वाजवून दाखव. बसला आवाज छातीत, तर सीझनभर जागा तुझी. न्हाई तर नांदेडचा माणूस ठरलेला हाय.”

झालं. पेपर संपले त्या दिवशी तिच्या डोक्यात फिजिक्स नव्हतं की केमिस्ट्री नव्हती. फक्त ती जागा होती, मास्तरच्या पेटीच्या उजव्या हाताची.

आता पैसे कुठून आले, हे मी आजवर संघटनेला सांगितलेलं नाही. इथे सांगून टाकतो. एका क्लासवाल्याने मला बोलावून घेतलं. मला वाटलं, मारतोय. त्याने चहा मागवला. म्हणाला, “आमच्याविरुद्ध तुम्ही लिहिता ते लोक शेवटपर्यंत वाचतात. आमची जाहिरात आम्ही लिहितो, ती लोक भजी खायला घेतात. आमची एक लिहून द्या.”

मी दिली. ‘भक्कम पाया’ असं मथळ्यातच टाकलं. पैसे रोख मिळाले. मग आठ दिवसांनी त्याच जाहिरातीचा निषेध करणारं पत्रकही मीच लिहिलं आणि ते जास्त चांगलं झालं. ज्याला यावर काही म्हणायचं असेल त्याने म्हणावं. पैसा मी फुंकला नाही. त्याचा आवाज निघावा म्हणून खर्च केला.

नांदेडला निघालो तिघं. मी, बहीण आणि मावशी. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. पण ती म्हणाली, “पैशाची वस्तू हाय. ठोकून घ्यावी लागती.”

नांदेडच्या जुन्या भागात, एका बोळात दुकान होतं. तबले, ढोलक्या, खंजिऱ्या छताला टांगलेल्या. दुकानदार पिकल्या दाढीचा चाचा, मांडीवर तबला घेऊन वाद्या ओढत बसलेला.

“कव्वाली पार्टी है?”

“जयंतीची,” मी म्हणालो.

“आओ, आओ. कोन बजाता?”

बहिणीने हात वर केला, वर्गात करतात तसा. चाचाने तिच्या तळव्याकडे पाहिलं आणि मांडीवरचा तबला बाजूला ठेवला.

आमच्या पैशात दोनच सेट बसत होते. एक फायबरचा, लालभडक, त्यात चमकी. नवी नवरी जशी. दुसरा लाकडी, जुना, मोडलेल्या कुठल्याशा ऑर्केस्ट्राचा. पोटाला लोखंडी पट्टी मारलेली, रंगाचे पोपडे उडालेले, आणि ऑर्केस्ट्राच्या नावातली शेवटची दोनच अक्षरं शिल्लक.

बहीण आपसूक लाकडीकडे गेली. पण ती हात टेकवायच्या आत मावशीने पदर खोचला आणि बोट मुडपलं.

लाल ठोकला. टक.

लाकडी ठोकला. डब्ब.

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो बनवलाय. “पोकळ हाय.”

“माय, कोंगो पोकळच असतो,” बहीण म्हणाली.

“ठेकेदार बी आसंच म्हणत हुता.”

“अगं, भिंत वेगळी, ढोल वेगळा!”

“उद्या हाच पट्टीतनं उकलला मंग? हे लालवालं बघ. कसं ठोस हाय. पिढ्या जातील.”

बहिणीने लाकडी तुंब्यावर एकदाच तळवा मारला. मला तो आवाज आवडला नाही, कारण तो नेमका कुठून आला तेच कळलं नाही. दुकानाच्या फरशीतून आल्यासारखा वाटला. आणि मला पोपडेही आवडले नाहीत. स्टेजवर गरिबी कशाला दाखवायची, असा माझा तेव्हा बाणेदार विचार होता. शिवाय मी लोकशाहीवादी. मी तिथे भर दुकानात ठराव मांडला: लाल घ्यावा. अनुकूल दोन, प्रतिकूल एक. ठराव मंजूर.

बहीण म्हणाली, “मला वाजवायचाय, दादा.”

मी म्हणालो, “बहुमताचा आदर करायला शिक.”

हे वाक्य मी बोललो. लपवत नाही.

चाचाने लाल सेट गोणपाटात बांधून दिला. गिऱ्हाइकाला काही समजावायला गेलं तर गिऱ्हाईक जातं, हे त्याला ठाऊक असणार. येताना कंडक्टरने विचारलं, “ह्यात काय?” मावशी म्हणाली, “ठोस माल हाय.” त्याने लगेज लावलं.

लातुरात खोलीवर पोचलो. बहिणीने दोन्ही लाल नवऱ्या भिंतीशी उभ्या केल्या, स्टुलावर बसली, डोळे मिटले आणि वाजवलं.

टक. टक टक. टक.

शेजारच्या खोलीचं दार उघडलं. घरमालकीण बाहेर येऊन म्हणाली, “कोण हाय?”

कुणी नव्हतं. ती आत गेली. बहिणीने पुन्हा वाजवलं. टक टक. दार पुन्हा उघडलं. “आरं कोण हाय, बोलंना!”

तिसऱ्यांदा ती हातात लाटणं घेऊन आली. तेव्हा बहिणीने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “दादा, हा कोंगो न्हाई. दार हाय.” त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मार्च संपायला आठवडा उरला होता.

मी काय करणार? मला एकच काम येतं. रात्र न घालवता दुपारीच प्रेसमध्ये जाऊन बसलो आणि पत्रक लिहायला घेतलं. ‘जाहीर निषेध! ग्राहक बंधू-भगिनींनो, सावधान! वाद्यविक्रीच्या नावाखाली...’ इथवर झकास आलं. पुढे पेन अडलं. कारण दरवेळी या जागी जो शब्द येतो तो लिहिता येईना. वस्तू पोकळ नव्हती, हीच तर तक्रार होती!

कंपोझिटर खिळे घेऊन तयार. “ह्यात पोकळ कुठाय?”

“नाही यात.”

“तुमची तब्येत बरी हाय ना?”

शेवटी मी लिहिलं: ‘ही भरीव फसवणूक आम्ही खपवून घेणार नाही.’ कंपोझिटरने ते वाचलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि मुकाट छापून दिलं.

पत्रकांचा गठ्ठा काखेत आणि लाल सेट टपावर, असा मी दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन पुन्हा नांदेडला. लोह्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. लोह्याला ती पहिलं वाक्य बोलली: “ह्या वेळेला ठराव मांडलास तर मी उतरून जाईन.”

मी चाचासमोर पत्रक ठेवलं. वाटलं, घाबरेल. त्याने चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवून सावकाश वाचलं. ‘भरीव फसवणूक’पाशी बोट थांबलं. मग तो हसायला लागला. खोकला आला तरी थांबेना. आतल्या कारागिराला हाक मारून त्याने ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

“बेटा, चाळीस बरसमें लोगां आए, फटेला है बोलके आए, टूटेला है बोलके आए. पोला नै है, पोकळ नै है बोलके वापस लानेवाले तुम पैले.”

“तुम्ही विकलात कशाला मग?” मी आवाज चढवला.

“तुम लिए कायकू?” त्याने लाल ढोल आडवा करून तळाकडून उजेडात धरला. “हे बनवणारा मानूस पान्याच्या टाक्या बनवतो. बाथरूमची दारं बनवतो. आतनं बघ, हातभर पुट्टी भरली. गळनार नै, याची गॅरंटी मी देतो.”

मग तो बहिणीकडे वळला. “तुझे तो मालूम था ना?”

“हाव.”

“फिर?”

“मतदान झालं.”

“बजानेवाली के कित्ते मत?”

“एक.”

“और ठोकनेवाली अम्मा के?”

“एक. आन् दादाचा एक. पैसे त्याच्या खिशात हुते.”

चाचा माझ्याकडे बघत राहिला. माझ्यावर पोलिसांनी डोळे वटारलेत, क्लासवाल्यांच्या माणसांनी वटारलेत. पण त्या म्हाताऱ्याइतकं मला कुणी उघडं पाडलेलं नाही. कधी नव्हे ते माझं पत्रक कुणी वाचू नये असं मला वाटलं.

मग त्याने तिला लाकडी सेट पुढे ओढून दिला आणि तिच्याशीच बोलू लागला, मी दुकानात नाहीच असा. खालून हात घाल, आतली भिंत सगळीकडे सारखी लागते का बघ. लागली तर लाकूड कुणी मनापासून कोरलंय. काठ डोळ्याच्या रेषेत धर. उजेड दिसला तर काठ वाकडा, कातडं कधीच सुरात बसणार नाही. कातडं चार बाजूंनी अंगठ्याने दाब, चारी ठिकाणी सारखं दबलं पाहिजे. तुंब्याला म्हशीचं, लहानाला बकऱ्याचं. कातडं ताणायचे आकडे फिरवून बघ. गंजले असले तर बदलून देतो, पण आटे झिजले असले तर घेऊच नको. रंगाला पैसे देऊ नको. पट्टी बघून भिऊ नको. पट्टी म्हणजे कुणीतरी हा दुरुस्त करून वाजवण्याच्या लायकीचा समजला होता. “आन् सबसे बडी बात,” तो म्हणाला, “पोकळ वाजला पाहिजे. भरलेला काय वाजनार?”

निम्मं तिला आधीच बोटांनी माहीत होतं. ती नुसती मान हलवत होती आणि हात फिरवत होती.

बदलून दिला त्याने. वर काही घेतलं नाही. फक्त दोन अटी घातल्या. एक, पत्रकांचा गठ्ठा तिथेच ठेवायचा; शाई पुसायला आणि गिऱ्हाइकाला हसवायला कामाला येईल. दोन, दोन्ही लाकडी ढोल बसस्टँडपर्यंत मी एकट्याने खांद्यावर न्यायचे. “बजानेवाले के हात को वजन नै लगने देते,” तो म्हणाला. बहीण पूर्ण रस्ता हात मागे बांधून माझ्यापुढे चालली. मुद्दाम सावकाश.

लातुरात घरमालकिणीने दाराबाहेरच सांगितलं की ते दार पुन्हा खोलीत आणायचं नाही. म्हणून सेट मावशीच्या गावी नेला. मावशीने पट्टी पाहिली, बोटही मुडपलं नाही.

“आणलं का पोकळ?”

“आणलं,” बहीण म्हणाली.

मार्चच्या शेवटच्या दिवशी मास्तर औशाला कामासाठी आला होता, तो चार वाजता मावशीकडे उतरला. पुढच्या खोलीत खुर्ची टाकली, चहा दिला. त्याने चपला दारात काढल्या, पाय पसरले आणि कोंगोकडे न बघता मला म्हणाला, “नांदेडच्या माणसाला उद्या निरोप द्यायचाय. लवकर उरका.”

बहीण मधल्या खोलीत बसली. आधी लहान कोंगो. बोटांनी, हलका, उड्या मारत. मास्तरची टाच जमिनीवर हलली, पण चेहरा कारकुनीच. “ठीक हाय,” तो बशीत फुंकर मारत म्हणाला. “पण ठणका कुठाय?”

तेव्हा तिने डोळे मिटले, हात खांद्यापासून उचलला आणि अख्खा तळवा तुंब्याच्या मधोमध सोडला. मग दुसरा. मग दोन्ही आळीपाळीने, खालच्या आवाजात, लांब, एकामागे एक.

आवाज कानांत आलाच नाही. तो फरशीतून आला. मग फळीवरचा पितळी तांब्या हलला. मग शेजारची पातेली एकमेकींना लागून किणकिणली.

ज्या गावाच्या पायाखालून जमीन एकदा गेलीय, त्या गावात भांडी वाजली की कुणी काही विचारत नाही.

मावशी माझ्या दंडाला धरून मला ओढत बाहेर पडली होती, मला कळायच्या आत. पण तिच्याही आधी मास्तर बाहेर होता. त्याची बशी फुटल्याचा आवाज आम्ही अंगणात पोचल्यावर ऐकला. गल्लीतली सगळी दारं उघडली. एक बाई कणकेच्या हातांनी, एक माणूस अर्ध्या गालावर साबण घेऊन, एकजण म्हशीचं दावं सोडवत. समोरच्या घरातली म्हातारी पायरीवरून उतरून खाली बसली आणि तिने तळहात मातीवर टेकवला.

आणि आत ती वाजवतच होती.

म्हातारीने हात मातीवरून बराच वेळ उचलला नाही. मग ती म्हणाली, “जमीन न्हाई ही.”

“आगं माय,” कणीकवाली म्हणाली, “ही तर पोरगी वाजवून राहिली!”

आधी कुणीतरी एक कचकचीत शिवी दिली. मग साबणवाला हसला. मग सगळी गल्ली हसायला लागली, पोट धरून. काही जण हसताना डोळेही पुसत होते. बहीण घाबरून दारात आली. “काय झालं? वाईट वाजलं का?”

मास्तर चार वाजताच्या तापल्या फुफाट्यात अनवाणी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. “काय न्हाई, काय न्हाई. जरा हवेला आलो हुतो.”

“हवेला?” मावशी म्हणाली. “चपला सोडून, बशी फोडून?”

बहिणीने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग तिला समजलं. ती दारातच उभी राहिली, चपला उचलून द्यायला काही पुढे झाली नाही. “मास्तर, मंग नांदेडच्या माणसाला काय निरोप द्यायचा?”

मास्तरने तिच्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं. गल्लीला उत्तर ऐकायचं होतं. “सांगा त्येला,” तो म्हणाला, “दुसरं काम बघ म्हणावं.”

सगळे पांगल्यावर मावशी आत गेली. तुंब्यापाशी बसली, बोट मुडपलं आणि पट्टीच्या वर एकदा ठोकलं. डब्ब. कान देऊन ऐकलं.

“लई पोकळ हाय,” ती म्हणाली, आणि पदराने त्याच्यावरची धूळ पुसली.

त्या सीझनला पार्टी मुरुडपासून निलंग्यापर्यंत फिरली. पेटीच्या उजव्या हाताला माझी बहीण. भूकंपाच्या पट्ट्यातलं गाव असलं की मास्तर कार्यक्रमाआधी माईकवर एक निवेदन करायचा. ते मीच लिहून दिलं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक. “बंधू-भगिनींनो, आता जो आवाज येईल तो आमच्या ताईच्या हाताचा आहे. कुणीही घाबरून उठू नये.”

आणि हे सांगताना तो स्वतः मात्र पायांत चपला घालूनच बसायचा.